गुरुवारचा डॉक्टरांचा तास परत सुरू करा : एका रेडिओ केंद्राला खुलं पत्र

प्रति,
मा. कार्यक्रम प्रमुख,
नाशिक

स. न. वि. वि.

दर गुरुवारी संध्याकाळी साडेसातला लागणारा, डॉक्टरांना थेट फोन लावून विचारता येणारा तुमचा कार्यक्रम दिवाळीनंतर बंद झाला. त्याचंच नाव आणि त्याचीच धून घेऊन आता रविवारी सकाळी भलताच कार्यक्रम लागतो. मी तुमच्या कार्यालयात लेखी पत्र दिलं. त्याची पोच माझ्याकडे आहे, उत्तर मात्र आलेलं नाही. म्हणून आता चारचौघांत लिहितो आहे. केंद्राचं नाव घालत नाही. ऐकणाऱ्यांना ते माहीत आहे आणि मला कुणाची नाचक्की करायची नाही. मला तो तास परत हवा आहे.

माझं पेठ रोडला मेडिकल आहे. गिऱ्हाईक सगळं कष्टाचं. मार्केट यार्डातले हमाल, पहाटे भाजी उचलणाऱ्या बाया, द्राक्षाच्या हंगामात पेठ-हरसूलकडून दिंडोरीच्या बागांवर उतरणारे मजूर, पंचवटीतली म्हातारी माणसं. डॉक्टरची फी, तपासण्या, जायचा-यायचा खर्च, बुडालेली मजुरी असा सगळा हिशेब करून ही माणसं आधी मेडिकलवाल्यालाच विचारतात. मी त्यांना रोगनिदान सांगू शकत नाही, सांगूही नये; तो माझा अधिकार नाही. पण 'डॉक्टरला दाखवा' एवढंच म्हटलं तर ती गप्प मान हलवून निघून जातात आणि दाखवत नाहीत. या माणसांना दवाखान्याच्या पायरीपर्यंत कुणी आणत असेल, तर तो तुमचा गुरुवारचा तास आणत होता. काउंटरवरच्या रेडिओभोवती त्या वेळी गर्दी व्हायची, आणि दुसऱ्या दिवशी लोक नेमके प्रश्न घेऊन सिव्हिलच्या ओपीडीत जायचे. हे मी रोज बघत होतो.

त्या कार्यक्रमाचं मोठेपण तुमच्या निवेदिकाताईंचं होतं, हे आधी सांगतो. डॉक्टर बोलता बोलता 'क्रिएटिनिन' म्हणाले की ताई तिथेच थांबवायच्या : 'म्हणजे किडनी नीट काम करतेय का ते कळायची रक्ताची तपासणी ना, डॉक्टर?' डॉक्टर 'हायपरटेन्शन' म्हणाले की त्या 'बीपी' म्हणायच्या. आणि विषय कुठलाही असो, त्यांचा शेवटचा प्रश्न ठरलेला : 'घरी किती थांबायचं आणि दवाखान्यात कधी पळायचं?' याचं सरळ उत्तर मिळाल्याशिवाय त्या डॉक्टरांना सोडत नसत. अर्धांगवायूवरच्या कार्यक्रमात त्यामुळेच एक गोष्ट आमच्या भागात घरोघर पोचली. मेंदूत गुठळी अडकून अर्धांगवायू झाला असेल, तर ती विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी मेंदूत रक्तस्राव नाही ना हे सीटी स्कॅनमध्ये बघावं लागतं. म्हणजे तोंड वाकडं झालं, एक हात वर उचलेना, बोलणं अडखळायला लागलं, की तेल चोळत बसायचं नाही, सकाळची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करायचा आणि त्रास किती वाजता सुरू झाला ते लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगायचं. पेठपासून नाशिक पन्नासेक किलोमीटर, मध्ये सावळ घाट. तिथल्या माणसाला साडेचार तासांतला प्रत्येक अर्धा तास कुठे जातो हे समजणं किती गरजेचं आहे, ते मी वेगळं सांगायला नको.

आणखी एक कार्यक्रम सांगतो. मखमलाबादकडच्या एका बाईंचा फोन आला होता. नवऱ्याला शुगर, रात्री तळव्यांची आग होते, झोप लागत नाही. डॉक्टरांनी गोळीचं नावच घेतलं नाही. विचारलं, 'घरात अनवाणी चालतात का?' बाई म्हणाल्या, 'हो, घरात कोण चपला घालतं?' 'त्यांचे तळवे शेवटचे कधी बघितलेत?' यावर बाई गप्पच झाल्या. मग डॉक्टरांनी सावकाश समजावलं. शुगर वाढलेली राहिली की पायाच्या नसा हळूहळू बधिर होतात, चटका, टोचणं, घासणं कळेनासं होतं. म्हणून आरसा जमिनीवर ठेवा, त्यावर पाय धरा आणि तळवा रोज बघा. आंघोळीनंतर बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. पाणी किती गरम आहे ते पायाने बघू नका, हाताच्या कोपराने बघा. फोड किंवा भेग दिसली तर घरचं मलम लावत आठवडा घालवू नका. आणि या बोलण्यावर थांबू नका, त्यांना एकदा तपासून घ्या.

दुसऱ्या दिवशी यार्डातला एक हमाल दुकानात आला. चप्पल काढली, काउंटरला धरून पाय उलटा केला आणि म्हणाला, 'शेठ, बघा बरं, मला वाकून दिसत नाही.' त्याच्या टाचेत बाभळीचा काटा मोडून बसला होता. आजूबाजूची कातडी पांढरी पडून सुजलेली. कधी लागला, त्याला पत्ता नव्हता. तसाच पाठवला सिव्हिलला. काटा निघाला, जखम भरली, पाय राहिला. हा सगळा तुमच्या त्या तासाचा परिणाम होता आणि त्याला कुणाला एक रुपया द्यावा लागला नव्हता.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी : नवा कार्यक्रम विकलेला आहे आणि ते ऐकणाऱ्याला सांगितलं जात नाही. रविवारी एक 'डॉक्टर' येतात, शुगर आणि बीपीवर बोलतात, आणि दर चार वाक्यांनी एका पावडरीच्या डब्यावर येतात. शेवटी फोन नंबर दिला जातो. तो केंद्राचा नाही, डबा मागवायचा असतो. हे सगळं गप्पांच्या सुरात चालतं. 'ही जाहिरात आहे' असं एकदाही कानावर पडत नाही. एका गिऱ्हाइकाने तो डबा माझ्याकडे आणला आणि विचारलं, 'हा चालू केला तर गोळ्या बंद केल्या तर चालतील का?' मी चष्मा लावून डबा फिरवून वाचला. मागे, पोषणमूल्यांच्या तक्त्याखाली, इंग्रजी बारीक अक्षरात छापलंय : 'नॉट फॉर मेडिसिनल यूज'. औषध म्हणून वापरायचा नाही. हा औषधाचा परवाना नाही, पूरक आहाराचा आहे, आणि अशा डब्यावर ही सूचना छापणं अन्न सुरक्षेच्या नियमांनीच बंधनकारक आहे. डब्यावर लिहिलंय की हे औषध नाही, आणि तुमच्या रेडिओवर सांगितलं जातंय की याने गोळ्या सुटतील. माझ्या गिऱ्हाइकाला इंग्रजी वाचता येत नाही. त्याला मराठी ऐकता येतं.

त्या माणसाने निदान विचारलं तरी. दुसऱ्याने विचारलं नाही. पंचवटीत फळांची गाडी लावणारा हा माणूस दर महिन्याच्या सुरुवातीला रिकामी पट्टी दाखवून शुगरची आणि बीपीची गोळी न्यायचा. मध्ये यायचा थांबला. मला वाटलं गावी गेला असेल. आला तेव्हा काठी टेकत आला, हातात इन्सुलिनची आणि ड्रेसिंगच्या सामानाची चिठ्ठी. पायाचा अंगठा काढला होता. म्हणाला, 'पावडर चालू केली होती. रेडिओवर डॉक्टरनेच सांगितलं होतं ना.' त्याचा तुमच्यावर राग नव्हता. त्याला अजूनही वाटतं की पावडर घेण्यात त्याचंच काही चुकलं असेल. माझा राग मात्र आहे, आणि तो मी इथे नोंदवतो.

हे नुसतं माझ्या मनाला पटत नाही म्हणून लिहीत नाही. औषधे आणि जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना मनाई करणारा कायदा १९५४ पासून देशात आहे. त्याच्या परिशिष्टात ज्या आजारांवर उपाय असल्याची जाहिरात करता येत नाही त्यांची यादी आहे. त्यात मधुमेह आहे, रक्तदाब आहे, अर्धांगवायू आहे, लठ्ठपणा आहे, कर्करोग आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. खासगी एफएम केंद्रांना तर परवान्यातच आकाशवाणीची कार्यक्रम आणि जाहिरात संहिता पाळायची अट असते. आणि डॉक्टरांसाठी वैद्यकीय परिषदेची २००२ सालची आचारसंहिता आहे. तिच्या सातव्या प्रकरणात स्पष्ट म्हटलंय की स्वतःची जाहिरात होईल किंवा रुग्ण ओढले जातील अशा मुलाखती डॉक्टरांनी देऊ नयेत. पण सार्वजनिक आरोग्य आणि आरोग्यदायी राहणीमान या विषयांवर रेडिओवर बोलायची त्यांना मोकळीक आहे. रेडिओचा उल्लेख त्या नियमात नावानिशी आहे. तुमचा गुरुवारचा तास अगदी या नियमात बसणारा होता. रविवारचा त्याच नियमाच्या विरुद्ध आहे.

दुसरी तक्रार : तुम्ही फोन बंद केला. आता म्हणे व्हॉट्सॲपवर प्रश्न लिहून पाठवा, निवडक घेतले जातील. लिहिणार कोण? माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या बायांकडे बटनांचा फोन आहे. आणि लिहिलेल्या प्रश्नाला डॉक्टर उलट प्रश्न विचारू शकत नाहीत. मखमलाबादच्या त्या बाईंनी लिहून पाठवलं असतं तर 'तळव्यांची आग, उपाय सांगा' एवढंच लिहिलं असतं. अनवाणी चालण्याचा विषय निघालाच नसता, आणि हमालाच्या टाचेतला काटा तिथेच राहिला असता. फोनवर बागलाणकडची एक आजी 'मना पाय गैरा दुखतस' म्हणाली होती, तर त्या दिवशीचे डॉक्टर सटाण्याचे निघाले आणि पुढचं सगळं बोलणं अहिराणीत झालं. ऐकणाऱ्या सगळ्यांना समजलं. शिवाय फोनवर तोंड दिसत नाही. पांढरं जाणं, मूळव्याध, नवऱ्याची दारू, रात्र रात्र झोप न येणं, हे प्रश्न बायामाणसं रांगेत उभं राहून विचारत नाहीत. नाव न सांगता फोनवर विचारतात. अशाच एका तरुणाच्या फोनवर डॉक्टरांनी टेलिमानसचा १४४१६ हा नंबर सांगितला होता. तो फुकट आहे, मानसिक त्रासात कधीही लावता येतो, हे माझ्या दुकानात उभ्या असलेल्या पाच-सहा जणांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मी तो तेव्हाच काउंटरच्या काचेवर चिकटवला.

रेडिओ ही दोन्ही बाजूंनी बोलायची गोष्ट आहे हे महाराष्ट्राला नवं नाही. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने दीडशे गावांत श्रोत्यांची मंडळं उभी केली होती. लोक एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचे, त्यावर बोलायचे, आणि त्यांचे प्रश्न केंद्राकडे परत जायचे. तेव्हा प्रश्न टपालाने जात होते. आज प्रत्येकाच्या खिशात फोन असताना तुम्ही ती बाजू बुजवून टाकली.

तिसरी तक्रार वेळेची. रविवारी सकाळी सातला यार्ड भरात असतं आणि बागांवर माणसं कामाला लागलेली असतात. त्या वेळी रेडिओ ऐकणारा वर्ग वेगळा आहे, आणि पावडर विकणाऱ्यांना बहुधा तोच हवा आहे. संध्याकाळी साडेसातला स्वयंपाकघरात, पॅकिंगच्या शेडमध्ये, रिक्षात, दुकानात कान मोकळा असतो.

चौथी : बोलणारा कोण, हे सांगा. 'डॉक्टर' एवढी ओळख पुरेशी नाही. त्यांची पदवी काय, नोंदणी कुठल्या परिषदेकडे, आणि ज्या वस्तूबद्दल ते बोलतात तिच्या विक्रीत त्यांचा वाटा आहे का, हे कार्यक्रमाच्या सुरुवातीला कळायला हवं. मला 'एच-वन' या सरकारी यादीतली प्रतिजैविकं विकताना डॉक्टरांचं नाव, पत्ता, रुग्णाचं नाव, औषधाचं प्रमाण असं वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षं जपून ठेवावं लागतं. ते योग्यच आहे. मग हजारो कानांपर्यंत एकाच वेळी सल्ला पोचवणाऱ्याची निदान ओळख तरी नीट करून द्यायला काय हरकत आहे?

तुमच्या एका कर्मचाऱ्याने मला बोलता बोलता सांगितलं की पैसा नाही, गुरुवारच्या कार्यक्रमाला प्रायोजक मिळत नव्हता. ही अडचण मी खोटी म्हणत नाही. केंद्र चालवायला वीज लागते, पगार लागतात. पण प्रायोजक घ्यायला कुणी विरोध केलाय? साडीचं दुकान घ्या, ट्रॅक्टरवाला घ्या, पतसंस्था घ्या, मिठाईवाला घ्या. सुरुवातीला आणि शेवटी त्यांचं नाव घ्या, आम्ही आनंदाने ऐकू. फक्त ज्याला रुग्णाच्या आजारातून थेट पैसा मिळतो त्याच्या हातात आजाराबद्दल बोलायचा माइक देऊ नका. यात औषध कंपनी आली, पावडरवाले आले, खासगी रुग्णालयही आलं. आणि हो, मेडिकलवालेही आले. माझ्या दुकानाच्या नावाने उद्या कुणी तो तास प्रायोजित करायला निघालं तर त्यालाही नाही म्हणा.

डॉक्टर मिळत नाहीत हे कारण तर नाशिकने सांगूच नये. राज्यभरातल्या वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंग महाविद्यालयांच्या परीक्षा घेणारं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्याकडे आहे, म्हसरूळला, माझ्या दुकानापासून फार दूर नाही. जिल्हा रुग्णालय आहे, शालिमारला संदर्भ सेवा रुग्णालय आहे, ग्रामीण रुग्णालयांत काम केलेले, निवृत्त झालेले, लोकांची भाषा येणारे कितीतरी डॉक्टर या शहरात राहतात. गुरुवारी येणारे बहुतेक जण मानधनाचा विषयही काढत नव्हते.

विषयांचाही तुटवडा नाही. भात लावणीच्या दिवसांत सुरगाणा-पेठ-इगतपुरीकडे सर्पदंश होतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं, ते सरकारी रुग्णालयात फुकट मिळतं, चावल्या जागी ब्लेड मारायचं नाही, आवळून दोरी बांधायची नाही, माणसाला चालवायचं नाही, हे जूनमध्ये सांगायला हवं. ऑक्टोबर छाटणीनंतर बागांवर फवारण्या सुरू होतात. घाम, लाळ, धूसर दिसणं, छातीत घरघर अशी विषबाधेची लक्षणं दिसली तर कपडे काढून अंग साबणाने धुवायचं आणि औषधाची बाटली किंवा तिचं लेबल दवाखान्यात बरोबर न्यायचं, हे सप्टेंबरमध्येच सांगायला हवं. सिकलसेल हा आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार आहे. आदिवासी तालुक्यांत लग्नाआधी तपासणी का करायची हे अजूनही कितीतरी घरांत माहीत नाही. क्षयाच्या गोळ्या खोकला थांबला की बंद करणारे लोक मी दुकानात बघतो. सहा महिन्यांचा कोर्स अर्धवट सोडला तर पुढचा क्षय साध्या औषधांना दाद देईलच असं नाही, आणि उपचार चालू असताना सरकारच्या निक्षय पोषण योजनेचे महिन्याला हजार रुपये खात्यात मिळतात, हे दोन्ही एकाच दमात सांगता येईल. आणि २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. एवढी गर्दी, उन्हापावसात तासन् तास उभं राहणं, रांगेत बीपी-शुगरच्या गोळ्या चुकणं, यावर बोलायला तेव्हा रेडिओइतकं हाताशी दुसरं काय असणार? गर्दीत मोबाईलचं नेटवर्क आधी कोलमडतं.

माझ्या मागण्या या आहेत.

गुरुवारी संध्याकाळचा तास थेट फोनसह परत सुरू करा, आणि शक्य असेल तर त्याच निवेदिकाताईंकडे द्या. आरोग्याशी आर्थिक संबंध असलेला कुठलाही प्रायोजक त्याला नको.

रविवारचा कार्यक्रम चालू ठेवायचाच असेल तर त्याचं नाव आणि धून बदला. सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी 'ही सशुल्क जाहिरात आहे' असं मराठीत, नेहमीच्या वेगात, स्पष्ट सांगा. मधुमेह, रक्तदाब असे कायद्याच्या यादीतले आजार बरे करण्याचे दावे तात्काळ थांबवा.

आतापर्यंतच्या रविवारच्या भागांत जे सांगितलं गेलं त्याबद्दल एक खुलासा प्रसारित करा : चालू गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, केल्या असतील तर आपल्या डॉक्टरांना लगेच भेटा. हा खुलासा सलग महिनाभर, संध्याकाळी, दिवसातून दोनदा लावा. ही मागणी सगळ्यात निकडीची आहे, कारण माझ्या त्या फळवाल्यासारखी आणखी किती माणसं आज गोळ्या बंद करून बसली असतील हे तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही.

प्रत्येक पाहुण्या डॉक्टरांची पदवी आणि नोंदणी कार्यक्रमाच्या आधी तपासा आणि सांगा. पाहुणे आणि विषय ठरवायला तीन-चार जणांची छोटी समिती करा. त्यात एक सरकारी डॉक्टर, एक आशा सेविका आणि एक साधा श्रोता असू द्या.

या पत्राची एक प्रत, डब्याच्या लेबलच्या फोटोसह, मी अन्न व औषध प्रशासनाच्या नाशिक कार्यालयाला देत आहे. तुमच्याशी भांडण म्हणून नाही. परवानाधारक विक्रेता म्हणून ते मला माझं काम वाटतं. दुकानात सह्यांसाठी कागद ठेवला आहे, ज्यांना सही येत नाही ते अंगठा उमटवत आहेत. तो कागद घेऊन येत्या सोमवारी सकाळी अकराला मी आणि यार्डातले काही जण केंद्रावर येतो आहोत. कार्यक्रम प्रमुखांनी स्वतः भेटावं आणि खुलासा कोणत्या तारखेपासून लागणार ते लेखी द्यावं, एवढी विनंती.

आपला,
पेठ रोडवरचा एक औषध विक्रेता, आणि गुरुवारच्या तासाचा श्रोता